शहाजीराजांना संघात कुणी घेतलं असतं?

आनेकल या नावाची कानडीत दोन प्रकारे फोड करतात. आने म्हणजे हत्ती आणि कल्लु म्हणजे दगड, म्हणून हत्तीचा दगड. पण आनेकल्लु असा जोडून म्हटला की अर्थ होतो गार, आभाळातून पडते ती. आमच्या घरमालकांना दुसरा अर्थ पसंत आहे, आणि एप्रिलमध्ये त्यांच्या पत्र्यावर जो ताशा वाजला तो ऐकल्यापासून मलाही. बेंगळुरूच्या दक्षिणेला, तामिळनाडूच्या हद्दीला टेकलेला हा तालुका. एका अंगाला बन्नेरघट्टाचं जंगल, दुसऱ्या अंगाला जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथले कारखाने. फॅमिली क्वार्टरच्या यादीत माझा नंबर अजून लांब आहे, म्हणून बिऱ्हाड इथं भाड्यानं. मी शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे निघतो.

मागच्या शनिवारी मात्र मी टीमबरोबरच या बाजूला आलो. तालुक्यातल्या एका कॉलेजच्या कोर्टवर आमची बास्केटबॉलची मैत्रीची मॅच होती. पोरं एकोणीस-वीस वर्षांची, दाढी नीट न आलेली. त्यांनी आम्हाला ७१–४८ असं धुतलं. रिबाउंड म्हणून एक आमच्या हाताला लागेना. या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी कंपनीसाठी गार्ड खेळायचो. आता गुडघे नाहीत, शिट्टी आहे. गेली दोन वर्षं आम्ही ब्रिगेडच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी आलो. यंदाची स्पर्धा तोंडावर आहे.

आणि दुसऱ्या एका कंपनीत एक पोरगा आहे. सहा फूट तीन इंच. त्याला इथं मी लांबू म्हणतो. बराकीत त्याला याहून वाईट नावं आहेत. बोर्डाखाली तो उभा राहिला की बॉल दुसऱ्या कुणाचा नसतो. पण त्याच्या नावावर दोन लाल शाईच्या एंट्री आहेत. एक, रजा संपल्यावर एकोणीस दिवस उशिरा हजर झाला, आर्मी ॲक्टचं ३९ वं कलम. दुसरी, लंगरमध्ये एकाचं नाक फोडलं. गेल्या वर्षी याच कारणांनी त्याला टीममधून काढला होता. आता टीम ऑफिसर साहेबांनी मला सांगितलंय, ‘साहेब, घ्यायचा की नाही ते सोमवारी लेखी द्या. मी सीओ साहेबांकडे नेतो.’

परतीच्या गाडीत पोरांचं यावरच वाजलं. एक गट म्हणाला, घ्या. त्यांचा दाखला डेनिस रॉडमनचा. कोविडच्या वर्षी ‘द लास्ट डान्स’ ही शिकागो बुल्सवरची मालिका आली तेव्हापासून बराकीत निम्मे लोक बुल्सचे जुने सोबती असल्यासारखे बोलतात. दाखला खोटा नाही. १९९५ मध्ये बुल्स ऑरलँडोकडून प्लेऑफमध्ये हरले, बोर्डाखाली त्यांना माणूस नव्हता, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विल पर्ड्यू देऊन सान अँटोनिओकडून रॉडमन घेतला. ज्याला तिथलं व्यवस्थापन कंटाळलं होतं, तो हाच. पुढच्या मोसमात बुल्सनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि सलग तीन अजिंक्यपदं घेतली. मधल्या काळात रॉडमननं एका पंचाला डोक्यानं धडक मारली, सहा सामन्यांची बंदी. एका छायाचित्रकाराला लाथ मारली, अकरा सामने. १९९८ च्या अंतिम मालिकेच्या मध्येच सराव बुडवून कुस्तीच्या तमाशात जाऊन आला. तरी संघ जिंकला.

मी त्यांना एवढंच म्हणालो, की बाबांनो, त्या संघात जॉर्डन आणि पिपेन होते, कोच फिल जॅक्सन होता. रॉडमन चार दिवस गायब झाला तर घर उभं राहत होतं. आपल्याकडे जॉर्डन कोण आहे ते हात वर करून सांगा.

कुणी हात वर केला नाही. मग मागच्या बाकावरून एक जण, सातारकडचा, माझ्याच मुलखातला, म्हणाला, ‘साहेब, जो एकदा गेला तो परत जाणार. निष्ठा नाही तिथं खेळाला काय चाटायचंय?’

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. कारण ज्या मातीवर आमची गाडी धावत होती तिच्यावर एके काळी ज्याचा अंमल होता, तो माणूस या कसोटीला कधीच उतरला नसता.

आनेकल त्या काळी गौडा पाळेगारांचं. पुढे हैदर अलीच्या वेळी ते म्हैसूरच्या राज्यात गेलं. पण उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं बंगळूर, आणि त्याबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणी, १६३८ नंतर शहाजीराजे भोसल्यांकडे जहागीर म्हणून होती. आपल्याकडे शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील, एवढ्यावर धडा संपतो. शाळेत एक परिच्छेद, त्यात ‘पराक्रमी सरदार’ हे दोन शब्द. फौजेत नोकरी केलेल्या माणसानं त्यांचा शीट रोल मांडून बघावा. मी रविवारी बसून मांडला.

१६२४, भातवडी. अहमदनगरजवळ मलिक अंबरनं निजामशाहीसाठी मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्यात होते. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथंच पडले. वर्षभरात राजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले, ‘सरलष्कर’ झाले. १६२७–२८ च्या सुमारास परत निजामशाहीत. १६३० मध्ये मोगलांकडे, पंचहजारी मनसब. १६३२ मध्ये मोगलांना सोडलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, तेव्हा त्याच घराण्यातलं एक पोर शोधून संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं स्वतः राज्य चालवलं. १६३६ मध्ये माहुलीला वेढ्यात सापडले, शरण आले आणि पुन्हा आदिलशाहीत. बारा वर्षांत पाच बदल. माझ्या सातारकराला हा कागद नाव झाकून दाखवला असता तर त्यानं गाडीतून खाली उतरवलं असतं.

आता प्रत्येक एंट्रीच्या समोर कारणाचा रकाना असतो, तो भरून बघू.

भातवडीनंतर जाणं हे मानपानाचं आणि भाऊबंदकीचं प्रकरण होतं. कष्ट कुणाचे, बढती कुणाची, हा भांडणाचा विषय कुठल्याही पलटणीत समजतो. परत येणं झालं तेव्हा मलिक अंबर मेला होता (१६२६), आदिलशाहीत इब्राहीम आदिलशहाही गेला होता (१६२७). म्हणजे ज्यांच्याशी भांडण आणि ज्यांच्याशी सलोखा, दोघेही राहिले नव्हते. १६३० चा बदल सगळ्यात बोलका. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या दरबारात निजामशहानं लखुजी जाधवरावांना मुलांसह बोलावून कापून काढलं. लखुजी म्हणजे जिजाबाईंचे वडील. सासऱ्याला दरबारात बोलावून मारणाऱ्या मालकाची चाकरी कोण करील? आणि १६३२ चा बदल : मोगलांनी राजांना दिलेला मुलूख काढून फत्तेखानाला दिला. फत्तेखान मलिक अंबराचा मुलगा, नुकताच मोगलांकडे वळलेला. नव्या माणसाला खूश करायला जुन्या माणसाच्या ताटातलं काढलं.

मी वकिली करत नाही. पेमगिरीचा उद्योग हा नुसत्या अपमानातून झालेला नाही. त्यात सरळ महत्त्वाकांक्षा होती, आणि ती मोठी होती. कुठल्याही दरबारानं त्या माणसाला घाबरावं असंच ते काम होतं. पण ‘जो एकदा गेला तो परत जाणार’ या हिशेबात मालकानं काय केलं याचा रकानाच नसतो. शीट रोल मालक लिहितो.

विजापूरकरांनी मग या माणसाला १६३६ मध्ये घेतलं कसं? इथं मला खरी गंमत वाटते, कारण त्या वर्षी विजापूरची स्थिती आमच्या टीमपेक्षा फार बरी नव्हती. आदल्या वर्षी दरबारात खवासखान मारला गेला आणि त्याच्याबरोबर मुरार जगदेवही. हा मुरार जगदेव म्हणजे ज्यानं पुणं जाळलं तो, आणि नंतर शहाजीराजांचा आधारही तोच. एवढ्यात शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. मोगलांच्या फौजा तीन बाजूंनी आदिलशाही मुलूख तुडवत आल्या. त्यांना पाणी मिळू नये म्हणून विजापूरकरांना शहापूरच्या तलावाचा बांध फोडून आपल्याच राजधानीभोवतीचा मुलूख बुडवावा लागला. मे १६३६ मध्ये तह झाला. वीस लाख रुपये खंडणी आणि बादशहाची अधिसत्ता मान्य. त्याच तहात शहाजीराजांच्या नावाचं वेगळं कलम होतं : जुन्नर, त्र्यंबक आणि बाकीचे किल्ले मोगलांच्या ताब्यात दिल्याशिवाय आदिलशहानं त्यांना चाकरीत घेऊ नये.

दोन सत्तांच्या तहात एका सरदाराच्या नोकरीबद्दल कलम. विचार करा, त्याच्या रिबाउंडची किती धास्ती असेल.

माहुलीला वेढा घालायला मोगलांचा खानजमान होता तसा विजापूरचा रणदुल्लाखानही होता. राजांनी किल्ले दिले, निजामशाहीचं पोर मोगलांच्या स्वाधीन केलं, आणि रणदुल्लाखानाच्या मध्यस्थीनं आदिलशाहीत आले. पुणे-सुप्याची जहागीर राहिली, पण राजांना तिथं ठेवलं नाही. मोगल सरहद्दीपासून आणि त्यांच्या जुन्या गोतावळ्यापासून दूर, कर्नाटकात पाठवलं. यात मला विजापूरच्या दरबाराचं डोकं दिसतं. त्यांनी या माणसाची खोड मोडायला कुणी मौलवी-पंडित नेमला नाही. त्यांनी जागा बदलली, आणि वर असा सेनापती दिला ज्याच्यावर त्या माणसाचा विश्वास होता.

मग जे झालं ते विजापूरच्या कल्पनेपेक्षा जास्त होतं. १६३७ मध्ये इक्केरीच्या वीरभद्र नायकाला नमवलं. १६३८ मध्ये तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणावर मात्र कंठीरव नरसराज वोडेयरानं रणदुल्लाखानाला परतवून लावलं. म्हणजे सगळं सोनंच होतं असं नाही. बंगळूरच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. गौडाला मुळासकट उपटलं नाही. तो मागडीला गेला आणि तिथं आपलं राज्य करत राहिला. त्याच मोहिमेत शिऱ्याच्या कस्तुरीरंग नायकाचं काय झालं ते पाहिलं की फरक कळतो. त्याला बोलणी करायला बोलावलं आणि तिथंच मारलं. बोलावणारा अफजलखान. एकाच संघातले दोन खेळाडू, एकाच मोसमातले. दरबाराच्या दफ्तरात ‘गडबड्या’ म्हणून नाव कुणाचं होतं ते सांगायला नको.

बंगळुरात राजांनी जे उभं केलं ते सरदाराच्या छावणीसारखं नव्हतं. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही आपल्याकडची पदं या भागात रुजली ती त्याच काळात. जयराम पिंड्ये नावाचा कवी महाराष्ट्रातून कीर्ती ऐकून त्यांच्या दरबारी आला. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या सभेतले बारा भाषांमधले कवी हजेरी लावतात. हे पुस्तक इतिहासाचार्य राजवाड्यांनी छापलं आणि त्याला भली मोठी प्रस्तावना लिहून शहाजीराजांना ‘शिवाजीचे वडील’ या एका ओळीतून बाहेर काढलं. राजवाडे कधी कधी घोडा फार पुढे दामटतात, पण त्या प्रस्तावनेनंतर ‘बाजू बदलणारा सरदार’ एवढं म्हणून थांबणं कठीण होतं. जिजाबाई आणि लहान शिवाजीराजे दोनेक वर्षं याच बंगळुरात होते. १६४२ च्या सुमारास पुण्याला परतले. आज तिथं सिटी मार्केटची गर्दी आहे, बसेस आहेत, आणि केंपेगौडाचं नाव सगळीकडे आहे, जे योग्यच आहे. मराठी खूण शोधायची तर मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळात जावं. तिथं राजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांच्या १६६९ सालच्या दानाचा लेख आहे. मी बायको-पोरांना घेऊन गेलो होतो. पोराला लेखापेक्षा तिथल्या नागांच्या दगडांचं जास्त अप्रूप वाटलं.

आता खराब भाग.

१६४३ मध्ये रणदुल्लाखान वारला. लगेच पुढच्या वर्षीच्या एका आदिलशाही फर्मानात शहाजीराजे दरबारच्या मर्जीतून उतरल्याचं दिसतं. ते कान्होजी जेध्यांना धाडलेलं आहे. नंतर जुळलं, पण पूर्वीसारखं नाही. वरचा माणूस बदलला की त्याच खेळाडूची तीच सवय गुन्हा होते. हे मी वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेळा पाहिलंय की त्यासाठी मला बखर लागत नाही. पुण्याकडे तोवर शिवाजीराजांनी किल्ले घ्यायला सुरुवात केली होती, त्याची धगही इकडे लागत होती.

१६४८ ला जिंजीचा वेढा. सेनापती मुस्तफाखान. ‘मुहंमदनामा’ हा विजापूरचा दरबारी इतिहास, म्हणजे मालकाची बाजू. त्यातच असं आहे की शहाजीराजांनी मुस्तफाखानाला कळवलं : छावणीत धान्य फार महाग झालंय, माझ्या लोकांना हे सोसत नाही, मला माझ्या मुलखात जाऊ द्या. खानानं थांबवून धरलं. राजांनी उलट कळवलं की परवानगीची वाट न बघता मी जातो. झालं. २५ जुलै १६४८ च्या पहाटे, झोपेत असताना, मुधोळच्या बाजी घोरपड्यांच्या हातून त्यांना धरलं. बेड्या घालून अफजलखानानं विजापूरला नेलं.

रजेचा अर्ज. तेवढंच होतं का? नाही, दरबाराला त्यांच्या ताकदीची आणि मुलाच्या उद्योगाची भीती होती, हे उघड आहे. पण कागदावर लावलेला आरोप हाच : विनापरवानगी जायला निघाला. आमच्या भाषेत कलम ३९. आणि अर्जातलं कारण बघा. स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. ‘माझ्या लोकांना सोसत नाही’. मी हे वाचलं तेव्हा लांबूचे एकोणीस दिवस आठवले, आणि एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली, की ते एकोणीस दिवस तो कुठं होता हे मला माहीतच नाही. एंट्री मी पाहिली होती. विचारलं नव्हतं.

जिंजीबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर मी माझ्याच बाजूनं वजन टाकतोय असं होईल. राजांना अटक झाल्यावर वेढा उठला नाही. मुस्तफाखान नोव्हेंबरात मेला तरी काम चालू राहिलं आणि डिसेंबर १६४८ मध्ये जिंजी विजापूरच्या हाती आली. म्हणजे सगळ्यात मोठा किल्ला त्यांनी आपल्या उत्तम खेळाडूला कोठडीत ठेवून जिंकला. त्या महिन्यात दरबारात कुणीतरी नक्की म्हणालं असेल, बघा, त्याच्यावाचून अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडे. विजापूरकरांनी फत्तेखानाला (हा आदिलशाहीतला, वेगळा) शिवाजीराजांवर पाठवला, तो पुरंदरावर मार खाऊन परतला. फर्हादखानाला बंगळुरावर पाठवला, तिथं थोरल्या संभाजीराजांनी दाद दिली नाही. दोन मुलं, दोन ठिकाणी, बाप कैदेत, आणि दोघांनीही आपापलं मैदान राखलं. शेवटी सौदा झाला. शिवाजीराजांनी कोंढाणा द्यायचा, बंगळूर आणि कंदर्पीही सोडायचं, आणि बापाला सोडायचं. १६ मे १६४९ ला राजे सुटले. त्यांच्यासोबत कान्होजी जेधेही कैदेत होते. सुटल्यावर राजांनी त्यांना शिवाजीराजांकडे जायला सांगितलं. जेध्यांचं घराणं पुढे स्वराज्यासाठी काय करून गेलं ते मावळात कुणालाही विचारा.

आणि राजांना? पुन्हा कर्नाटकातच पाठवलं. दुसरा माणूस नव्हता ना. पुढची पंधरा वर्षं त्यांनी विजापूरचीच चाकरी केली. ज्याला बेभरवशाचा म्हणायचं त्यानं १६३६ पासून मरेपर्यंत, बेड्या घातल्या तरी, संघ बदलला नाही. हे मला रविवारी दुपारी वर्षांची बेरीज करताना दिसलं आणि मी पेन खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षं. या काळात त्यांचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडला, आणि त्याला वेळेवर मदत न पाठवल्याचा बोल मराठी परंपरा अफजलखानाला लावते. तरी राजे राहिले. २३ जानेवारी १६६४ ला होदिगेरेजवळ शिकारीत घोडा अडखळला, राजे पडले आणि गेले. समाधी तिथंच, चन्नगिरी तालुक्यात आहे.

विजापूरनं फायद्यात सौदा केला की तोट्यात? जमिनीच्या हिशेबानं फायदा, प्रचंड फायदा. अर्धं कर्नाटक त्यांनी या माणसाच्या तलवारीवर आणि त्याहून जास्त त्याच्या समजुतीवर खाल्लं. पण त्याच माणसाच्या घरात दोन राज्यं वाढत होती, एक पुण्यात, एक दक्षिणेत. व्यंकोजीराजांनी १६७५–७६ मध्ये तंजावर घेतलं, आणि तिथलं भोसल्यांचं घराणं १८५५ पर्यंत टिकलं. विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबानं संपवलं. बंगळूर दुसऱ्या वर्षी कासिमखानानं घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना देऊन टाकलं. एवढ्या रकमेत आज आनेकलला कोपऱ्यावरचा प्लॉटही मिळत नाही.

मला विचाराल तर विजापूरची चूक त्यांना घेण्यात नव्हती. १६३६ ची भरती उत्तम होती : अट स्पष्ट, जागा वेगळी, वरचा माणूस योग्य. रणदुल्लाखान गेल्यावर त्यांनी तसा दुसरा माणूस शोधला नाही, ही चूक. त्यानंतर बारा वर्षांची कामगिरी बाजूला राहिली आणि जुना शीट रोल परत वर आला.

रविवारी संध्याकाळी मी लांबूला फोन केला. तो आधी घाबरला, मग गप्प बसला, मग बोलला. एकोणीस दिवसांत वडिलांचं ऑपरेशन दोनदा झालं होतं. मग कळवलं का नाहीस? ‘साब, पहिल्यांदा कळवलं तेव्हा मुदत वाढून मिळाली नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, काय उपयोग.’ हे चूकच. कळवायला पाहिजे होतं, आणि मी त्याला तसं सुनावलं. नाकाचं मात्र त्याच्याकडे काही कारण नव्हतं. ‘राग आला साब.’ मला हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त आवडलं, का ते अजून नीट सांगता येत नाही.

सोमवारी मी लेखी दिलं. घ्यावा. तीन गोष्टी घातल्या : तो माझ्या कंपनीत अटॅच व्हावा, कारण जिथं नाक फोडलं तिथंच परत ठेवण्यात शहाणपण नाही. टीमचा हवालदार, ज्याचं तो ऐकतो, त्याच्याबरोबर त्याची खाट असावी. आणि रजेचं काहीही असलं तरी अर्ज थेट माझ्याकडे यावा, रात्री दोन वाजता असला तरी. साहेबांनी वाचलं, विचारलं, ‘माहुलीचा तह म्हणजे काय हो?’ कारण मी घाईत एका ठिकाणी तेही लिहून गेलो होतो. समजावून सांगितलं. सही झाली.

सातारकर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी सरावात लांबूनं त्याच्याच हाताखालून आठ रिबाउंड काढले, तेव्हा तो हसला तरी.

काल अर्ज आला. बहिणीचं लग्न, बारा दिवसांची रजा, आणि त्यातले शेवटचे चार दिवस स्पर्धेच्या तारखांवर येतात. अक्षर वाईट आहे, पण वेळेवर आलाय, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. मी शिफारस करून वर पाठवलाय. पहिल्या दोन मॅच आम्ही त्याच्याशिवाय खेळू.